वाकडी शिवण

४ फेब्रुवारी

लेकीने ही वही पाठवली ती हिचा ताप आणि औषधांच्या वेळा लिहायला. ताप लिहिला, औषधं लिहिली. उरलेल्या पानावर काय लिहायचं ते माझं मी ठरवीन.

आज हिचा निळा गाऊन इस्त्रीला घेतला. (ही म्हणजे माझी बायको. नाव घ्यायची सवय कधी लागली नाही, आता या वयात कुठे लागणार.) उलटा केला तर आतल्या बाजूने, पोटाच्या डाव्या अंगाला, एक कापडी खिसा शिवलेला. निळ्या कापडावर पांढरा दोरा. एक टाका मुंगीएवढा, पुढचा झुरळाएवढा. शिवण अशी गेलेली, जणू शिवणारीला मधेच कुणी हाक मारत होतं. माझा जन्म कोट शिवण्यात गेला. माझ्या हाताखाली शिकलेल्या पोरांनी पहिल्या आठवड्यातसुद्धा असा टाका घातला नाही. आणि माझ्या घरात, माझ्या बायकोच्या अंगावर, हे.

कुणी शिवला म्हणून विचारलं. मान न वळवता म्हणाली, तिने.

तिने म्हणजे शिट्टीने. केमोच्या खोलीत हिच्या शेजारच्या खुर्चीवर असायची ती बाई. तलावावर पोहायला शिकवते. गळ्यात शिट्टी घालून फिरते, आजारी पडली तरी काढली नाही. तिलाही हिचाच आजार: आतड्यात सुरू झालेला, यकृतात पोचलेला. आतड्याचं तोंड पोटावर काढून त्याला लावलेली शौचाची पिशवीही हिच्यासारखीच, म्हणून हा खिसा. ओळख होऊन सहा महिने झाले नसतील. कानामागून आली आणि तिखट झाली.

मला का नाही सांगितलंस, म्हणून विचारलं. म्हणाली, तुम्ही कामात होतात. गेल्या आठवड्यात माझ्याकडे एका पँटची झिप बदलायला आली होती, तेवढंच काम.

९ फेब्रुवारी

सर्जनकडे जाऊन आलो. माणूस तरुण आहे, पण हात बघितले, चांगले आहेत. बोलताना बोटं वळवळत नाहीत.

त्याने कागदावर यकृत काढून दाखवलं. जानेवारीतल्या ऑपरेशनमध्ये आतड्यातली गाठ गेली आणि यकृताच्या डाव्या बाजूचे लहान डाग काढले. पण उजवी बाजू डागांनी भरली आहे, ती सगळी काढावी लागेल. अडचण अशी की डावी बाजू लहान आहे. आत्ता उजवी काढली तर उरलेल्या तुकड्यावर माणूस जगत नाही. मी म्हटलं, म्हणजे कापड चांगलं आहे पण कोटाला अपुरं. तो हसला आणि म्हणाला, बरोबर, फक्त हे कापड वाढतं. उजवीकडे रक्त नेणारी नस सुईने आतून बंद करायची. मग रक्त डावीकडे वळतं आणि डावी बाजू फुगायला लागते. महिन्याभराने फोटो काढायचा. पुरेशी वाढली तर ऑपरेशन. नाही वाढली, किंवा तिथे नवे डाग आले, तर नाही.

नाही म्हणजे काय ते त्याने सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

बाहेर आल्यावर हिला धीर द्यावा म्हणून मी शब्द जुळवत होतो, तेवढ्यात हिने फोन काढून शिट्टीला लावलासुद्धा. तिची नस जानेवारीतच बंद केली आहे, ती हिच्या एक पाऊल पुढे. सगळं तिला सांगून झालं, हसून झालं. बसमध्ये मी विचारलं, घाबरलीस का? म्हणाली, नाही हो. आणि खिडकीबाहेर बघत बसली.

१२ फेब्रुवारी

शिट्टी आली होती. पिशवी बदलायचा दिवस. दोघी न्हाणीघरात गेल्या आणि आतून कडी घातली. माझ्याच घरात मी दाराबाहेर, हातात टॉवेल. आतून काय ते हसणं. पोटावर आतड्याचं तोंड उघडं ठेवून बायका हसतात कशावर, मला समजत नाही.

मला मात्र ही जवळ फिरकू देत नाही. इस्पितळातून आल्यावर पहिल्यांदा पिशवी बदलायची होती, तेव्हा मी होतो की शेजारी. नर्सने दाखवलेलं सगळं लक्षात होतं. मी काही वावगं केलं नाही, फक्त उठून खिडकी उघडली. उकडत होतं. त्यानंतर हिने कधी बोलावलं नाही. बायकांच्या मनात काय असतं देव जाणे.

लेकीला फोनवर सांगितलं तर म्हणते, बाबा, तुमच्या पोटात दुखतंय. म्हटलं, पोटात तुझ्या आईच्या दुखतंय, मला काय धाड भरली आहे.

१६ फेब्रुवारी

आज ही झोपली असताना तो खिसा उसवला. दोरा ओढला तर सगळी शिवण सरसर निघून आली, एवढीच तिची पात्रता. मग नवी पिशवी पाकिटातून काढून मेजावर ठेवली, नीट माप घेतलं, कोटाच्या अस्तराचं उरलेलं चांगलं कापड घेतलं आणि दुहेरी शिलाईचा खिसा शिवला. चारी कोपरे काटकोनात. पिशवी आत अशी बसली, जशी तलवार म्यानात. आता कुठे हलणार नाही, कुठे लोंबणार नाही.

बाहेर जायच्या तपकिरी झग्यालाही तसाच खिसा लावून टाकला.

ही उठल्यावर दाखवला. बोट फिरवून बघितलं, छान आहे म्हणाली. तो जुना कुठाय, हेही विचारलं. टाकला म्हटल्यावर गाऊनची घडी करून ठेवली.

१९ फेब्रुवारी

हे लिहायचं नव्हतं. पण खोटं लिहायचं तर वही कशाला.

नस बंद करायला आज हिला भरती व्हायचं होतं. तपकिरी झगा घातला. बाकावर बसलो होतो, समोर शिट्टी सर्जनच्या खोलीतून बाहेर पडली. तिच्या फोटोचा निकाल आज होता. आमच्याकडे न येता ती आधी नळावर गेली, खूप वेळ पाणी मारत राहिली तोंडावर. पोहणाऱ्या बाईला पाणी दिसलं की राहवत नसेल. मग केस कपाळाला चिकटलेले, तशीच हसत आली. हिने विचारलं, काय झालं गं? म्हणाली, फुगलंय की, पावासारखं. हिने तिला मिठी मारली. खरं सांगतो, माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. हिचं अजून सुरूही व्हायचं आहे आणि हिची पाठ थोपटायला ही बाई जिंकून उभी.

तेवढ्यात हिचा चेहरा बदलला. मला काही कळायच्या आत शिट्टीला कळलं. तिने हिला उठवलं, झग्यावर घातलेला आपला लांब सदरा काढून हिच्या कमरेला गुंडाळला आणि घेऊन गेली. बाकावर डाग राहिला होता, तो मी पुसला. लोक बघत होते.

अर्ध्या तासाने शिट्टी एकटी बाहेर आली. आवाज न चढवता म्हणाली, "मास्तर, पिशवी रिकामी असताना माप घेतलंत ना?"

मी बाक पुसलेलं फडकं दुमडत राहिलो.

"ती भरते. भरायला जागा लागते. जागा नसली की कडेने सुटते."

गिऱ्हाईकाचं कमरेचं माप जेवल्यानंतर आणि बसवून घ्यायचं, हा धडा मी किती पोरांना शिकवला. माझ्या बायकोच्या वेळी मी तो विसरलो, कारण मला खिसा शिवायचा नव्हता, तिचा खिसा उसवायचा होता.

हिने मला एक शब्द बोलून दाखवला नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

२१ फेब्रुवारी

नस बंद झाली. थोडा ताप, थोडं दुखणं, ठीक आहे. आता महिनाभर थांबायचं. निळ्या गाऊनला आतून पुन्हा पांढरा दोरा दिसतोय. नवा खिसा, तिच्याच हातचा, आधीपेक्षा वाकडा. मी मूग गिळून इस्त्री केली.

६ मार्च

शिट्टी एकटीच दुकानात आली. टॅक्सीने. तलाव इथून चालत येण्याएवढा जवळ आहे, पण बाईसाहेब टॅक्सीने.

दोन झगे आणले होते. म्हणाली, मास्तर, कंबर सोडा आणि खांदे आवळा. असलं उलटं काम माझ्याकडे सहसा येत नाही, माणूस सुटतो तर सगळीकडून सुटतो. उभी राहवेना म्हणून बसूनच माप दिलं. पोट चांगलं पुढे आलंय. घोट्यांवरही सूज आल्यासारखं मांस, बुटांचे बंद सैल सोडलेले. खाणंपिणं जोरात दिसतंय. आमच्या घरात एक टोस्ट संपवायला सकाळ जाते, हिच्या गळ्याची हाडं मोजता येतील, आणि या बाईचं पोट सुटतंय. यकृत फुगलं तेही या बाईचंच आधी. देवाला कुणाच्या ताटात किती वाढायचं याचं काही तारतम्य नाही.

दुसरी गोष्ट म्हणाली ती अशी, की हे मी हिला सांगायचं नाही. मला वाटलं, लाजते. बायकांना पोटाची लाज असतेच. मी हो म्हटलं, आणि कबूल करतो, बरं वाटलं. त्या दोघींच्या दाराआड इतकं काय काय चालतं, आता एक गोष्ट अशी की ती मला माहीत आणि हिला नाही.

जाताना म्हणाली, "तिचं ऑपरेशन होईपर्यंत टिकेल असं करा. तेवढं पुरे."

या बोलण्याचा मला राग आला. माझी शिलाई कापड फाटलं तरी सुटत नाही, आणि ही बाई मला महिन्याभराचं काम सांगते. शिवणीच्या आत दुमडलेलं जादा कापड, होती नव्हती ती सगळी माया सोडली आणि दुहेरी टीप मारून दिली. बघू किती वर्षं टिकते.

११ मार्च

लेक दोन दिवस राहून गेली. आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती, त्याचा मात्र मला हेवा वाटला नाही. म्हणजे मी काही सगळ्यांवर जळत नाही.

तिने विचारलं, ती शिट्टीमावशी हल्ली फार येत नाही का. खरंच येत नाही. येते ती संध्याकाळी, दिवा नको म्हणते, डोळ्यांना लागतो म्हणते. हिच्याशी फोनवर मात्र तासन्‌तास. तिच्या ऑपरेशनची तारीख विचारली तर म्हणते, सर्जन परदेशी जाणार आहे, आधी तुझं उरकू दे. मोठेपणा. आपल्या हातात जिंकलेलं तिकीट आहे म्हणून रांगेत दुसऱ्याला पुढे सोडायचं.

१८ मार्च

शिट्टी पुन्हा आली, पुन्हा कंबर. सोडायला काही उरलं नव्हतं, दोन्ही कुशींना नवी पट्टी घालावी लागली. मी थट्टा केली, जरा आवरा, नाहीतर पुढच्या वेळी तंबूच शिवावा लागेल. खूप हसली. हसताना पोट धरलं. मग म्हणाली, पट्टी गडद रंगाची लावा, मास्तर, पोट दिसायला नको. कापड निवडायला तिने हात पुढे केला, तो हात बघून मला वाटलं की पोहणाऱ्या बाईचे दंड असे कसे. बाही अगदी आतपर्यंत घ्यावी लागली.

२५ मार्च

वाढलं!

सर्जनने फोटो उजेडावर धरून दाखवला. डावी बाजू चांगली जाड झाली आहे, नवा डाग एकही नाही. दोन एप्रिलला ऑपरेशन.  हिचा हात धरावा म्हणून हात पुढे केला तर हिच्या हातात फोन. बोट आधीच नंबरावर.

पलीकडून शिट्टी वाजली. खरी शिट्टी, इतक्या जोरात की सर्जननेसुद्धा वळून बघितलं. मग पलीकडून बराच वेळ काही आवाज नव्हता. ही सारखी विचारत होती, अगं, आहेस ना? ती म्हणाली, आहे, आहे, दम लागला.

मी शेजारी बसलो होतो. हाताच्या अंतरावर. लेकीला मी कळवलं.

२ एप्रिल

ऑपरेशन झालं. ही आहे. आधी एवढं लिहून ठेवतो, मग बाकीचं.

सकाळी शिट्टी माझ्याआधी हजर. गडद पट्टीचा झगा, वर शाल. दिव्यापासून लांब, भिंतीला टेकून उभी. गाडीवर झोपवल्यावर हिने मला चष्मा दिला, अंगठी दिली, घराच्या किल्ल्या दिल्या. तिला हसू दिलं. शिट्टीने गळ्यातली शिट्टी काढून हिच्या मुठीत ठेवली आणि म्हणाली, उठलीस की वाजव, नर्सा कामाला लागतील. मी घरून हिचा आवडता रुमाल धुऊन, इस्त्री करून आणला होता. तो खिशातच राहिला.

मग आम्ही दोघंच बाकावर.  ती बसल्या बसल्या झोपली. झोपेत पापण्या अर्ध्या उघड्या होत्या, आतलं पांढरं पिवळट दिसलं. मला वाटलं, ट्यूबलाइट.

दुपार उलटल्यावर सर्जन बाहेर आला. उजवी बाजू पूर्ण निघाली, रक्त फार गेलं नाही, उरलेला भाग चांगल्या रंगाचा आहे. मी त्याचे हात धरले. तो माझ्याशी बोलत होता आणि त्याची नजर माझ्या खांद्यावरून मागे गेली. आजच्या दिवशी तरी माझ्याकडे बघावं की नाही? तो तिच्यासमोर जाऊन वाकला आणि हळूच म्हणाला, "पाणी काढायला परवा यायचंय ना तुम्हाला? मग इथे का बसलात? घरी झोपायला सांगितलं होतं."

पोटातलं पाणी. दोन्ही मापं माझ्या डोळ्यांसमोर आली. कंबर सोडा, खांदे आवळा.

तो गेल्यावर ती म्हणाली, "मास्तर, तोंड मिटा. आहे हे असं आहे." तिचा फुगलेला भाग नव्या डागांनी फुगला होता. पोटातही पसरलंय. कापण्यासारखं काही उरलं नाही, हे तिला त्या दिवशीच सांगितलं होतं, नळावर तोंड धुतलं त्या दिवशी. त्यानंतर तासाभरातच तिने हिला धुतलं, पुसलं आणि मला पिशवीचं माप समजावलं.

मी विचारलं, हिला का नाही सांगितलंत.

"ती माझ्या मागून पोहत येत होती. पुढची बुडताना दिसली की मागची हातपाय मारायचं थांबवते. मी तलावावर आयुष्य काढलंय." मग म्हणाली, "ती चालायला लागल्यावर सांगा. तुम्हीच सांगा."

मी तिला टॅक्सीपर्यंत सोडलं. तिच्या हाताला काही वजन नव्हतं.

३ एप्रिल

काही लिहवत नाही. तंबू म्हणालो होतो मी तिला.

७ एप्रिल

हिचे डोळे दोन दिवस पिवळे होते. माझा जीव टांगणीला लागला, आता मला पिवळ्याचा अर्थ कळतो. आज उतरलं. उरलेलं यकृत कामाला लागलंय, असं सर्जन म्हणाला. पोटावर इकडून तिकडे टाके आहेत, मी बघितले. एकसारखे. माणूस कारागीर आहे.

शुद्धीवर आल्यापासून ही तिलाच विचारते. मी सांगतो, तिला सर्दी झालीय, तुझ्याजवळ येऊ देत नाहीत. ही उशीखालची शिट्टी चाचपते.

आणि आता जे लिहितो ते कुणी वाचू नये. खोटं सांगताना मला एक क्षण चांगलं वाटलं. हिच्याजवळ मी एकटाच, फोन नाही, दार बंद करून हसणं नाही. ती तिकडे पाणी काढून घेत पडली आहे आणि मी इथे तिची जागा मिळाली म्हणून खूश. माणूस किती हलका असतो. पण हेही खरं की मला दुसरा प्रश्न पडला: मला असं झालं असतं तर मी हिच्यापासून लपवू शकलो असतो का? मी तर पहिल्या दिवशीच हिच्या गळ्यात पडून रडलो असतो. मग हिच्यावर जास्त जीव कुणाचा? या प्रश्नाचा मला रागच येतो.

१४ एप्रिल

घरी आलो. पिशवी बदलायची वेळ झाली, शिट्टी नाही, नर्स उद्या येणार. ही न्हाणीघराच्या दारात उभी. म्हणाली, मी करीन माझं. पिशवीचं पाकीट हिला फोडता येईना. मी आत गेलो. ही म्हणाली, "खिडकी उघडा हवी तर."

त्या दिवशीचं हिच्या मनात होतं तर. इतके महिने. मी खिडकी बंदच ठेवली आणि गुडघ्यावर बसलो. पहिली नीट बसली नाही, दुसरी बसली. वास होता. असू दे. वरून हिचा हात माझ्या डोक्यावर आला, आधारासाठी असेल.

मग म्हणाली, ती हे करताना गाणं म्हणते, बेसूर. मी म्हटलं, मला गाता येत नाही.

१६ एप्रिल

आज ही अंगणाच्या फाटकापर्यंत चालली. सांगितलं.

रडेल वाटलं होतं, रडली नाही. ओट्यावर बसली. म्हणाली, "तुम्ही तिचं माप घेतलंत. दोनदा. आणि तुम्हाला कळलं नाही?"

मी म्हटलं, मला वाटलं ती खाऊन जाड झाली.

माझ्याकडे हिने असं बघितलं की मी ते लिहीत नाही. मग स्वतःच म्हणाली, मलाही कळलं नाही, मी तर रोज बोलत होते. आणि मग माझ्या खांद्याला डोकं टेकून रडली. मी हललो नाही.

१९ एप्रिल

शिट्टीकडे गेलो. हिचे टाके ताजे आहेत, जिना चढू नको म्हणून सर्जनने बजावलं होतं, ऐकते कोण. एकेका पायरीवर थांबत चढली. तिच्या बहिणीने दार उघडलं.

ही आत गेली आणि खोलीचं दार लोटलं. मी पुन्हा बाहेर. मांडीवर तिसरा झगा, मी मापाशिवाय शिवलेला, ढगळ, कुठे लागणार नाही असा. आतून आधी काहीच ऐकू येईना. मग रडणं. मग शिट्टी वाजली, बारीक, फुंकर पुरत नव्हती. आणि मग दोघी हसायला लागल्या. ही "अगं, टाके, टाके" म्हणत हसत होती.

जळलो. खोटं कशाला लिहू. पण दार कुणी उघडू नये असंही वाटलं. बहीण चहा घेऊन आत निघाली होती, तिला मी खुणेने थांबवलं.

११ मे

शिट्टी गेली. सकाळी. तिसरा झगा अंगावर होता, असं बहीण म्हणाली.

 

८ जून

फोटो स्वच्छ आला. तीन महिन्यांनी पुन्हा काढायचा, मग पुन्हा. पोटावरचं तोंड बंद करायचं का, ते थंडीत ठरवू म्हणाला सर्जन. तोपर्यंत पिशवी आहे.

घरी येऊन हिने कपाट उघडलं. लेकीने पाठवलेला नवा पिवळा गाऊन काढला, माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाली, याला खिसा लावून द्या. मी विचारलं, कसा? म्हणाली, तसाच.

दुकानात नेला. पिशवी पाण्याने भरून माप घेतलं. मऊ कापड, भरपूर ढिला. पांढरा दोरा ओवला. आणि वाकडं शिवायला बसलो. जमेना. सुई घातली की हात आपोआप सरळ जातो, टाके आपोआप एकसारखे पडतात. तीनदा उसवलं. शेवटी डोळे मिटून शिवलं, डाव्या हाताने. एक टाका मुंगीएवढा, एक झुरळाएवढा. शेजारचा घड्याळजी येऊन बघून गेला, मास्तर म्हातारे झाले असं त्याला वाटलं असणार.

संध्याकाळी हिने गाऊन उलटा केला. शिवणीवरून बोट फिरवत गेली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, अगदी सावकाश. डोळे भरले. मला वाटलं, आज तरी.

"छान आहे," म्हणाली. "पण तिच्याइतकी वाकडी नाही."

मेलेल्या बाईशी बरोबरी करायला गेलो आणि हरलो. मी कात्री शोधायला लागलो, म्हटलं आण इकडे, उसवून पुन्हा शिवतो. हिने गाऊन छातीशी धरला.

"राहू द्या," म्हणाली, "ही तुमची आहे."